पाण्याची फिर्याद

मी पोलिसात लागले तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. माहेर माझं अर्धापूरचं, केळीच्या बागांतलं, पण नोकरी मिळाली लातूरला आणि हयात तिथंच गेली. आता नवा जिल्हा म्हणजे काय, तर पाट्या नव्या, साहेब नवे आणि शिक्के जुने. आमच्या ठाण्याला नवा शिक्का यायला कितीतरी महिने लागले. तोवर काय करायचो, जुन्या जिल्ह्याचा शिक्का मारायचा, त्यातलं नाव लाल शाईनं खोडायचं, वर लातूर लिहायचं आणि शेजारी साहेबांची बारीकशी सही घ्यायची. कुणी कधी हरकत घेतली नाही. ती सवय आमच्या अंगात अशी मुरली की पुढं शिक्के नवे आले तरी गेली नाही. कागद अडू द्यायचा नाही. आज जे बसतंय ते लिहा, पुढं सरका, चुकलं तर लाल शाई आहेच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना वरून हुकूम आला की सगळे गुन्हे आता कॉम्प्युटरवर. शाळा माझी थोडकी, पण मराठी टायपिंग मी आपलं आपण शिकले होते, बटणांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून. त्यामुळं त्या खुर्चीवर मलाच बसवलं.

प्रोग्राम तयार व्हायच्या आधी पुण्याहून एक इंजिनियर मॅडम आल्या होत्या. चांगली बाई. आमच्यात बसून भाकरी खायची, सगळं विचारून घ्यायची. मोठ्या हॉलमध्ये लातूर-नांदेडकडचे सगळे जुने लोक बोलावले आणि तिनं विचारलं, "तुमच्याकडं काय काय चोरीला जातं?"

आमचे जमादार, म्हणजे ठाण्यातले सगळ्यात जुने हवालदार, म्हणाले, "मॅडम, काय जात न्हाई ते विचारा. लवकर उरकंल."

मग जो तो सांगत सुटला. मोटारसायकल, शेळ्या, बैल, कडबा, विहिरीवरची मोटार, सोयाबीनची पोती, देवाचा मुखवटा. भोकर-उमरीकडच्या लोकांनी कापूस सांगितला. केळीचे घड मी घालायला लावले. मॅडमनी एकूण एक लिहून घेतलं, घडाला 'नग' लावायचं की 'किलो' हेसुद्धा विचारलं. पाणी कुणी सांगितलं नाही. त्या वर्षी पाऊस बरा होता. पाणी काय चोरायची वस्तू आहे, असं मॅडमना वाटलं नाही आणि आम्हालाही नाही.

प्रोग्राम आला, आम्ही त्याच्याशी झटापट करत शिकलो, आणि लगेच दुष्काळ पडला. नळ बंद झाले. लोकांनी पाण्याच्या पिंपांना कुलपं लावली. आणि एका सकाळी अक्का ठाण्यात आली.

अक्का आमच्या गल्लीमागची. शिकवणीला आलेल्या पोरापोरींसाठी खानावळ चालवायची. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. टँकरवाल्याच्या हातापाया पडून तिनं मागच्या अंगणातली टाकी भरून घेतली होती, दोन हजार लिटरची. सकाळी बघते तर झाकणाचं कुलूप तुटलेलं आणि टाकी कोरडी.

जमादार म्हणाले, "अक्का, पाण्याची कुठं फिर्याद असती व्हय? शेजारणीशी भांडण झालं का, तसं सांगा."

"भांडण असतं तर भांडले असते की. तुमच्यापाशी कशाला आले असते?"

तिचा जीव का वर-खाली होत होता ते मला ठाऊक होतं. पाण्यापायी पोरं गावाकडं निघाली होती आणि खानावळ बुडायला आली होती. मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाचा डबा तिला मिळायचं जवळजवळ ठरलं होतं. तो मिळाला तर ती तरणार होती. वसतिगृहाच्या मालकानं दोनच गोष्टी मागितल्या होत्या: पाण्याची सोय आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला.

आमचे साहेब भले. म्हणाले, "चोरी ती चोरी. घ्या फिर्याद."

मी घेतली. नाव, पत्ता, वेळ, सगळं बसलं. मग आला मुद्देमालाचा रकाना, चोरीस गेलेली वस्तू. यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मुखवटा आहे, कडबा आहे, माझे केळीचे घड आहेत. पाणी नाही. 'इतर' होतं, पण त्यात मोजमाप एकच, नग. लिटर लिहिलं की लाल चौकट यायची आणि पान पुढं सरकायचं नाही.

"मग एक नग पाणी टाका," मी म्हणाले.

साहेब हसले. "कोर्टात वकील विचारील, एक नग म्हणजे बादली का तळं? काय सांगू?"

लिटर घेणाऱ्या वस्तू तीनच होत्या. पेट्रोल टाकलं तर पंपाचा परवाना मागत होतं. रॉकेल टाकलं तर रेशन दुकानाचा नंबर. उरली दारू. दारूला काही विचारतच नव्हतं. मॅडमना फोन लावला, तर त्या दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या कामावर गेलेल्या. मदतीच्या नंबरावरचा माणूस म्हणाला, "सगळ्यात जवळचा पर्याय निवडा."

जमादार माझ्या खुर्चीमागं उभे होते. "बाई, दारू टाका. लिटर घेऊन राहिलंय ना? मागून लाल शाईनं पाणी करू."

साहेबांनी मान हलवली. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अख्खा जिल्हा तसाच तर चालला होता. मी 'सादर करा' दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करायला बसले, तर पाटी आली: या ठाण्यास दुरुस्तीचा अधिकार नाही. जमादारांनी चष्मा लावून ती वाचली. "मग कुणाला हाय?" ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात मुख्यालयातून फोन. महिन्याचा तक्ता आपोआप वर जायचा, त्यात आमच्या ठाण्यासमोर दारू दोन हजार लिटर. एका बाईच्या घरात एवढी दारू कशी? तिच्यावर दारूबंदीचा गुन्हा का नाही? साहेब फोनवर सांगून राहिले, "सर, ते पाणी आहे." पलीकडून विचारणा, "मग दारू का लिहिलं?" "सर, पाणी नाही त्याच्यात." "कशात?" असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी लेखी खुलासा मागवला.

दुरुस्तीसाठी मी अर्ज टाकला, त्याला ते तिकीट म्हणायचे. पहिल्या तिकिटाला उत्तर, स्क्रीनचा फोटो जोडा. जोडला. दुसऱ्याला उत्तर, फोटो अस्पष्ट आहे. मग एके दिवशी निरोप आला: आपली समस्या सोडवण्यात आली आहे, आमची सेवा कशी वाटली? उघडून बघते तर दारू जिथल्या तिथं. खाली पाच चांदण्या होत्या, मी एकच दिली. ती मात्र लगेच सेव्ह झाली.

आणि अक्का आली, हातात फिर्यादीची छापील प्रत घेऊन. ती टेबलावर आपटली नाही, हळूच ठेवली. तेच मला जास्त लागलं.

"वाचून दाखव बाई. माझं वाचायला चुकत असंल."

मी प्रत उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"माझ्या घरात सोमवारी कांदा-लसूण शिरत न्हाई. गळ्यात लिंग हाय माझ्या. आन तुम्ही मला दारूवाली केलात? चोरानं पाणी तेवढं नेलं, तुम्ही नाव नेलं."

साहेबांनी तिथल्या तिथं प्रतीवरची दारू लाल शाईनं खोडली, वर 'पाणी' लिहिलं, सही केली, गोल शिक्का मारला. जमादारांचा जीव भांड्यात पडला. झालं की काम, म्हणाले. पण फिर्यादी आता मोबाईलवरही दिसायच्या, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दाखल्यासाठी नाव टाकलं की तीच दारू वर यायची, म्हणून अक्का ती प्रत घेऊन वसतिगृहाच्या मालकाकडं गेली आणि तशीच परत आली.

मग मी वर्दीवर तिच्यासंगं गेले. मालक बोलायला गोड होता. "बाई, अक्काला मी ओळखतो. पण कागदावर पाणी हाय आन मोबाईलवर दारू हाय. उद्या एखाद्या पोरीच्या बापानं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला तर मी काय सांगू?"

"सांगा, पोलिसांना विचार."

"विचारलं तर पोलीस काय दाखवतील?"

मोबाईलच दाखवणार होते. पण मी उठले नाही. लाल शाई, शिक्के, एक नग पाणी, सगळं सांगितलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्काच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी त्यानं डबा दिला, एका अटीवर. दर वर्षी करार नवा, आणि दर वर्षी दाखला नवा.

पाऊस आला. मी निवृत्त झाले. जमादारही निवृत्तच, पण ठाण्यात त्यांची चक्कर असायची. एके दिवशी त्यांचा फोन, "बाई, पाणी आलं."

"नळाला?"

"न्हाई हो, कॉम्प्युटरात. यादीत घातलं त्यांनी. लिटर बी घेतंय."

मला बरं वाटलं, मग विचारलं, "आणि अक्काचं?"

"ते जुनं हाय. जुन्याला हात लागत न्हाई."

तेव्हापासून दर वर्षी शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या आधी अक्का माझ्या दारात उभी राहते आणि आम्ही दोघी रिक्षा करून ठाण्यात जातो. त्या खुर्चीवर दर वेळी नवं माणूस असतं. यंदा एक पोरगी होती, गोड, अदबशीर. नाव टाकलं, स्क्रीनकडं बघितलं, अक्काच्या कपाळावरच्या विभूतीकडं बघितलं.

"आजी, हितं तर दारू दिसून राहिलीय."

"दिसणारच," मी म्हणाले. "बस, सांगते." आणि पुन्हा नव्या जिल्ह्यापासून सुरुवात केली. पोरीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मी दुरुस्तीचं तिकीट टाकू का?" टाक म्हटलं. स्क्रीनवर आलं: या नोंदीबाबतची विनंती पूर्वीच निकाली काढली आहे. ती उठून आत गेली, साहेबांशी बोलली. दाखला मिळाला. दुपार त्यात गेली.

परत येताना रिक्षात अक्का म्हणाली, "पुढल्या साली तुझे गुडघे चालतील का गं?"

"न चालून कुठं जातील?"

"आन तूच नसलीस तर?"

जमादार गेले, ते साहेब बदलून कुठल्या कुठं गेले. ती दारू पाणी होती हे सांगणारी ठाण्यातली मी एकटीच उरलेय. म्हणून हे सगळं लिहून काढलं. याची एक झेरॉक्स अक्कापाशी ठेवायची, असं आमचं ठरलंय. तिचा उपयोग होईल का, मला सांगता येत नाही. पुढल्या वर्षीचं माणूसही आधी स्क्रीनकडंच बघणार.