कॅबिनेटच्या आतली चिठ्ठी

मधल्या सुट्टीत फोन वाजला. अकोल्याहून, गजूच्या बायकोचा. "ताई, हे गेले जी..." एवढंच रेखावहिनी बोलल्या, मग नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. गजू आणि मी तेल्हाऱ्याच्या शाळेत एका वर्गात होतो. मी शिक्षिका होऊन अमरावतीला आले, त्यानं अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला जाऊन दीड महिना झाला, तरी त्याच्याबद्दल 'होता' असं म्हणायची वेळ आली की मला राग येतो. त्याच्यावरच येतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आई थकली होती तेव्हा दर रविवारी मी तिला माझ्या कॉम्प्युटरसमोर माईक लावून बसवायची. निंदण, कापसाची वेचणी, म्हातारपणी सही शिकली तो दिवस... सगळं ती सांगायची. आई गेली आणि तेवढा आवाज उरला. पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तो सगळ्यांना ऐकवायचा, असं मी ठरवलं होतं. पण मशीन हळू चालायला लागलं होतं, आणि मला पसारा खपत नाही. ज्या फायलींची नावं वाचता येईनात, त्या कचरा समजून मी पुसल्या. मशीन दोनदा नको म्हणालं, तरी हट्टानं पुसल्या. दुसऱ्या दिवशी काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं... सिस्टिम फाईल सापडत नाही किंवा खराब झाली आहे. आवाजाची दुसरी कॉपी माझ्याकडे नव्हती. जवळच्या दुकानदारानं मान न वळवताच सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागते मॅडम, सगळं साफ होईन." मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि एसटीनं अकोला गाठलं.

गजूची एक रीत होती. मशीनला हात लावण्याआधी तो पडद्यावरचा मजकूर शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचा. "मशीन सांगून राहिली ना कुठं दुखते ते. लोकं आयकतच नाईत," म्हणायचा. वाचून झालं आणि त्यानं मला विचारलं, "काल काय केलं होतं?" मी चादरीची घडी घालायला लागले. "सांग वं. डाक्टरपाशी अन् माह्यापाशी खोटं बोलू नोको." मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "अवो मास्तरीणबाई, हजेरीतून पोट्ट्याचं नाव खोडलं अन् आता म्हणतं तो वर्गात काहून येत नाई!"

माझ्या डोळ्यांत पाणी बघून मात्र त्याचं हसू थांबलं. त्यानं डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. "पयले काकूले बाहेर काढू, मंग मशीनचं पाहू." थोड्या वेळानं दुकानात आईचा आवाज आला, "सुरू झालं काय वं हे?" गजूनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. शाळेतून येताना आईच्या हातची भाकर त्यानं कितीदा खाल्ली होती! त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो, हे आता सांगायला हरकत नाही. आवाज त्यानं एका पेनड्राईव्हवर उतरवून दिला. मग पुसलेल्या फायली त्याच जातीच्या विंडोजमधून शोधून आणून बसवल्या. दुसऱ्या जातीच्या चालत नाहीत म्हणे, जोड्याचं माप असतं तसं. संध्याकाळी मशीन सुरू झालं. कव्हर लावताना त्यानं आतून एक चिठ्ठी चिकटवली. प्रत्येक मशीनला तो अशी चिठ्ठी लावायचा. तारीख, काम असं काहीबाही असेल, म्हणून मी कधी पाहिली नाही.

पुण्यानुमोदनाला आई बोलली. मागच्या रांगेत गजू मान खाली घालून ऐकत होता.

गेल्या रविवारी पंख्याचा आवाज वाढला, म्हणून धूळ पुसायला मी पहिल्यांदाच ते कव्हर उघडलं. चिठ्ठीवर तारीख नव्हती, कामही नव्हतं. त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं,

"भाऊ, तू जो कोणी हे मशीन उघडशीन, फॉरमॅट मारू नोको. यात बाईच्या मायचा आवाज आहे. अडलं तं मले फोन कर. गजू."

खाली त्याचा नंबर होता. धूळ तशीच राहू दिली आणि कव्हर परत लावलं.