लेडीज सायकलचा खांब

मी जन्मले त्या दिवशीच माझं लग्न ठरलं. ठरलेला नवरा पाळण्याशेजारी उभा राहून नाक पुसत होता म्हणे. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. आम्हां तंजावुरी मराठी लोकांत मामाशी लग्न लागण्यात नवल काही नाही, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाने उगीच दचकू नये. कुंभकोणमात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी, बाहेर पाऊल टाकलं की सगळा तमिळ कारभार. मुलीला द्यायचं कुठे, तर घरातल्या घरात. मामाचे आईवडील लवकर गेले आणि आईनेच त्याला वाढवलं. भाऊही जवळ राहील, मुलगीही जवळ राहील, असा तिचा सरळ हिशेब होता.

लहानपणी ही चेष्टा होती. कॉलेजात गेल्यावर मला तिची धडकी भरू लागली. मामा वाईट नव्हता. एका कचेरीत कारकून होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ज्याने मला कडेवर घेऊन देवळाचा रथ दाखवला त्याच्याशी संसार, ही कल्पनाच माझ्या घशाखाली उतरत नव्हती. शेवटच्या वर्षाला असताना विहिरीपाशी त्यानेच विषय काढला. म्हणाला, "भिऊ नको. मज पण हे नको. दोघं गप्प राहू, आपोआप विरून जाईल." त्या दिवसापासून मला सुखाने झोप लागू लागली. या घरात मी एकटीच अडकलेली नाही, एवढाच आधार मला पुरला.

पुढे सुंदरपेरुमाळ कोयिल या जवळच्या गावातल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली. गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळायची नाही, म्हणून लेडीज सायकल घेतली. नोकरी हेच माझं बाहेर पडायचं दार होतं. हातात काम असेपर्यंत लग्नाचं कुणी घाईने विचारणार नव्हतं आणि पुढे तिरुचीला जाऊन बी.एड. करायचं माझ्या मनात होतं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीला होकार दिला तो एका अटीवर. भर बाजारात सायकलच्या दुकानासमोर पुरुषांच्या घोळक्यात उभं राहायचं नाही. सायकल मोडली तर त्या दिवशी घरी बसायचं. आता केळीच्या बागांमधून जाणारा तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे. आज स्पोक तुटला, उद्या चेन उतरली. माझ्या दांड्या वाढल्या आणि मुख्याध्यापकांनी अशाने जागा राहणार नाही असं स्पष्ट बजावलं. सायकल घरीच दुरुस्त करणं भाग होतं.

मामाला थोडंफार येत होतं. तो परसात सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायचा. त्यात घंटी चेपली, हँडल घसरलं आणि एकदा अख्खी सायकल माझ्या पावलावर आली. मी चिडून म्हटलं, "हिला टांगायला काहीतरी करायला हवं." मग एका रविवारी आम्ही कामाला लागलो.

विजेचा ग्राइंडर आल्यापासून इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा परसात पावसापाण्यात पडून होता. त्याच्या खळग्यात आम्ही जुन्या हातपंपाचा पाइप उभा केला आणि सिमेंट ओतलं. पाइपाच्या डोक्यावर लाकडाचा आडवा हात बसवला. खांब झोकात उभा राहिला आणि मग आमच्या लक्षात आलं की जेन्ट्स सायकल मधल्या दांडीने टांगता येते, लेडीज सायकलला ती दांडीच नसते. मामा म्हणाला, "बायकांच्या सायकलीला धरायला जागाच ठेवली नाही." मोडक्या खाटेच्या खुराचे दोन तुकडे करून, आतून कोरून, जुन्या ट्यूबचं रबर लावून आम्ही एक चिमटा केला. तो सीटखालची नळी धरू लागला. मग सगळा भार एका बाजूला आल्यामुळे रगडाच कलंडायला लागला, तेव्हा त्याचा वरचा गोटा दुसऱ्या बाजूला दोरीने बांधून टाकला. दिसायला ध्यान होतं, पण सायकल अधांतरी राहिली.

त्यानंतर रविवार कसे जायचे कळायचं नाही. मी हाताने पॅडल फिरवायचे आणि मामा शाळेतला खडू रिमच्या अगदी जवळ धरायचा. चाक जिथे वाकडं तिथे खडूची रेघ उठायची, तिथला स्पोक आवळायचा. हळूहळू मी स्वतःच चाक सरळ करू लागले. माझ्या दांड्या थांबल्या. ते काम मला मनापासून आवडत होतं. घरात आम्ही दोघं एकमेकांसमोर आलो की सगळे गालात हसायचे, म्हणून आम्ही एकमेकांना टाळायचो. परसात मात्र बोलायला विषय होता. आमचं लग्न व्हायचंच नाही हे ठाऊक असल्यामुळे मी मोकळेपणी हसायचे, भांडायचे, त्याच्या हातावर पाना मारायचे.

आई ते मागच्या दारातून बघत होती. आधी ती कॉफी घ्यायला आत बोलवायची, आता दोन टंबलर परसात येऊ लागले. माझा धाकटा भाऊ आमच्यात घुसला की ती त्याला हाक मारून घ्यायची. एक दिवस कुंपणापलीकडच्या बाईंना ती सांगताना मी ऐकलं, "आता काळजी नाही. दोघंही रमलेत." बाहेर जायची सोय म्हणून जे उभं केलं होतं, त्यालाच घरच्यांनी माझा होकार समजून टाकलं होतं. मी मामाला म्हटलं, काही रविवार मी एकटीच काम करते. तो म्हणाला, "बोलणारे बोलूं दे. तू कां भितेस?" मला तो धीरच वाटला.

संक्रांतीचा तै महिना लागला आणि एका दुपारी जेवणं झाल्यावर नानांनी विषय काढला. सहा-सात महिन्यांनी, आवणी महिन्यात, मुहूर्त चांगले आहेत म्हणाले. मी इतकी वर्षं गप्प राहिले होते, पण त्या दिवशी बोलले.

"मज नको, नाना. मामालाही नको आहे. त्याला विचारा."

खरं सांगायचं तर बोलताना मला भीती वाटली नाही. आम्ही दोघं एका बाजूला, मग काय करणार होते? आईने मामाकडे पाहिलं. तो ताटावरून उठून हात पुसत होता. पंच्याची घडी घातली, खांद्यावर टाकली.

"मज चालेल, अक्का," तो म्हणाला.

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. आई नुसती "सरि", म्हणजे ठीक, म्हणाली आणि ताटं उचलू लागली. एकटीचा नकार म्हणजे मुलीची लाज, असाच त्यांनी अर्थ लावला. मी पुन्हा सांगितलं, रडले, दोन दिवस जेवले नाही. कुणी रागावलंसुद्धा नाही. घरातल्या कुणाशी भांडायचं तेच मला कळेना.

मी परसात जाऊन त्याला गाठलं. "तूच नको म्हणाला होतास."

"तेव्हां नको होतं."

"मग बदललं तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

तो हाताला लागलेलं ग्रीस चिंधीने पुसू लागला. "सांगितलं असतं तर तू रविवारी आली नसतीस."

नसतेच आले. ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

लग्न आवणीत झालं. बी.एड. राहिलं ते राहिलंच, नोकरी टिकली. मामा म्हणणं बंद करावं लागलं आणि दुसरं काही तोंडात बसलं नाही, त्यामुळे आजवर मी त्याला कशानेच हाक मारत नाही. माणूस चांगला आहे. असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते. पण संध्याकाळी स्वयंपाकाला काय करू म्हणून विचारलं आणि तो पेपरातून मान वर न करता "मज चालेल" म्हणाला, की अजूनही मला खांद्यावर पंचा टाकणारा त्या दुपारचा मामा दिसतो.