दुहेरी गाठ म्हणजे लाल

माझं काम काजं करायचं आणि बटणं लावायचं, पण शिलाईच्या दुकानात मला कोणी काजवाली म्हणत नाही. सगळे 'चौकशीबाई' म्हणतात. हे नाव कटिंगमास्तरांनी ठेवलं. मी एकदा त्यांना एका दमात अकरा प्रश्न विचारले, असं त्यांचं म्हणणं. मी काही मोजले नव्हते. मला स्वतःला त्यात वावगं वाटत नाही. दिवसभर मान खाली घालून बोटभर भोकाच्या कडेनं टाके घालणाऱ्या बाईनं प्रश्नसुद्धा विचारायचे नाहीत, तर मग करायचं काय?

चार वर्षं माझा सगळ्यात मोठा प्रश्न एकच होता, तो म्हणजे दोरेबुवांचा डबा.

दोरेबुवा आमच्याकडे भरतकाम करतात. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळे, आवाज बारीक. खिडकीशी त्यांची लाकडी चौकट असते, तिच्यात कापड ताणलेलं असतं आणि त्यावर वाकलेले बुवा. कोटाची कॉलर, नाटकातल्या राणीचा झगा, तान्ह्या बाळाचं टोपडं, काहीही द्या, त्यांच्या हातून वेल अशी उमटते की गिऱ्हाईक आधी कापड उलटं करून बघतं. उलटी बाजूही तितकीच स्वच्छ. एक दोरा लोंबत नाही, एक गाठ दिसत नाही. बावीस वर्षांत त्यांचं एक काम परत आलं नव्हतं. मालकीणबाई नवीन गिऱ्हाइकाला हे आवर्जून सांगायच्या आणि बुवा त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे.

दोरे मात्र ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि तो डबा रोज संध्याकाळी घरी न्यायचे. दुकानात कुलपाचं कपाट असताना! मास्तर म्हणायचे, त्यांचा आपल्यावर विश्वास नाही. इस्त्रीवाली म्हणायची, त्यात सोन्याची तार असणार. मी यातलं काहीच मानलं नव्हतं, कारण मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. दोरा ओवण्याआधी बुवा लडीचा शेंडा अंगठ्यानं चाचपायचे. नजर दुसरीकडे आणि बोटं शेंड्यावर. मग एक लड ठेवून दुसरी घ्यायचे.

"बुवा, दोरा चाचपून काय बघता?" मी विचारलं होतं.

"नाडी बघतो. आजारी दोरा मी घेत नाही."

असं उत्तर मिळाल्यावर माणसाला झोप कशी लागणार, तुम्हीच सांगा.

एका सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची सुटी घेतली. त्यांची मुलगी परगावी असते, ती बाळंत झाली होती. दिवस पुरे व्हायच्या आधीच. वहिनी, म्हणजे बुवांच्या पत्नी, आठ दिवसांसाठी तिकडे निघाल्या होत्या आणि त्यांना बसमध्ये बसवून द्यायचं होतं. दोन्ही हातांत सामान घ्यावं लागणार म्हणून डबा प्रथमच दुकानात राहिला. बुवा दारापर्यंत गेले, परत आले, डबा फळीवर आणखी आत सरकवला आणि गेले.

मी तासभर कळ काढली. एवढी काढली हेच पुष्कळ झालं. मग डबा उघडला.

आत सोनं नव्हतं. रेशमाच्या लडी होत्या, आमचे दोरे रंगारी सुटेच देतो तशा, नंबर नाही की चिठ्ठी नाही. आणि काय तो पसारा! लालाला हिरवा चिकटलेला, हिरव्यात तपकिरी घुसलेला, आणि लडीलडीच्या शेंड्याला गाठी. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. मला तर लाजच वाटली. एवढा मोठा कारागीर आणि डबा असा? काजं करणाऱ्या बाईला दोऱ्यावरची गाठ डोळ्यांत कुसळासारखी खुपते. वहिनी घरी नाहीत, बुवा एकटे, तेवढीच मदत, असा विचार करून मी कात्री घेतली. सगळे गाठाळलेले शेंडे छाटले, लडी नीट गुंडाळल्या आणि रंगवार लावून ठेवल्या. फिकट गुलाबीपासून गडद लालापर्यंत, पोपटीपासून काळपट हिरव्यापर्यंत. डबा इतका देखणा दिसत होता की मी इस्त्रीवालीला बोलावून दाखवला.

मंगळवारी सकाळी बुवांनी डबा उघडला. मी कौतुकाची वाट बघत काजाला टाके घालत होते. त्यांनी एक लड उचलली, शेंडा चाचपला. दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग डबा बंद करून ते चौकटीवरचं कापड उगाच सारखं करू लागले. शेवटी मीच म्हटलं, "बुवा, मी आवरला डबा."

"हो का," ते म्हणाले. "छान केलंत."

आवाज असा होता की मला वाटलं, वहिनींची आठवण येतेय.

त्या दिवशी चौकटीवर गाणाऱ्या एका बाईंच्या लांब कोटाची बाही होती. कार्यक्रम शुक्रवारी, कोट गुरुवारी दुपारी द्यायचा. वेलीची हिरवी पानं आणि मधे मधे लाल फळं, असं ठरलेलं. मालकीणबाईंनी माझ्यासमोरच सांगितलं होतं. बुवा तासभर रिकामी सुई घेऊन बसले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं. एक लड उजेडात धरली आणि म्हणाले, "पानांना हा कसा वाटतो?"

लड गडद लाल होती. मला जरा आश्चर्य वाटलं. पण पानं पिकतात, लाल होतात, त्यात बुवांनी काही कल्पना लढवली असेल. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला विचारलं यानंच मी फुगले होते. शहाणपणा कशाला दाखवायचा, म्हणून म्हटलं, "फार सुरेख!"

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि भराभर कामाला लागले.

बुधवारी सकाळी मालकीणबाई आल्या तेव्हा बाही पुरी झाली होती. टाक्याला टाका लागलेला, मुंगीला शिरायला जागा नाही. पानं लालभडक आणि फळं हिरवीगार.

"बुवा, हे काय?" बाई म्हणाल्या. "पानं लाल?"

"कुठे लाल?" बुवा म्हणाले.

सगळ्या मशिनी थांबल्या. बुवांनी बाही घेतली, खिडकीशी नेली, उजेडात धरली, तिरकी केली, डोळ्यांजवळ आणली. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी! मीच छाटल्या होत्या त्या, माझ्या हातांनी. हातातली सुई खाली पडली.

"बाई, ती नवीन फॅशन आहे," मी मधेच तोंड घातलं. "हल्ली असंच करतात. मीच म्हटलं बुवांना."

बाई माझ्याकडे वळल्या. तेवढ्यावर निभावलं असतं बहुतेक. पण बुवांनी बाही खाली ठेवली आणि म्हणाले, "नाही बाई. मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"लाल आणि हिरवा. मला दोन्ही एकच दिसतात. लहानपणापासून."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी डब्यातून दोन लडी काढून बुवांसमोर धरल्या आणि विचारलं, यातली लाल कुठली. बुवांनी उजवीकडे बोट दाखवलं. उजवीकडची तपकिरी होती.

मग ते बोलले ते सगळं बाहीकडे बघत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी बायकोला लाल म्हणून हिरवी शाल आणली. ती हसून हसून लोटपोट झाली, आणि हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, मग दुकानात कसं निभावता? तोपर्यंत बुवा, तेव्हाच्या जुन्या दुकानात, पांढऱ्यावर पांढरंच भरायचे. रंगीत काम आलं की डोकं दुखतं म्हणून टाळायचे. दुसऱ्या दिवशी वहिनींनी दोरे समोर घेतले आणि गाठी मारल्या. एक गाठ हिरवा, दोन गाठी लाल, तीन तपकिरी. फिकट-गडद बुवांना कळतं, निळा-पिवळा कळतो, बाकीचं बोटांनी. तेव्हापासून रंगाऱ्याकडून नवीन लडी आल्या की आधी घरी जायच्या, वहिनींच्या हाताखालून.

बाईंचा चेहरा लाल झाला होता. म्हणजे मला लाल दिसला. "बावीस वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ठेवलं असतंत?"

मालकीणबाईंचं हे मला आवडतं, की त्या खोटं बोलत नाहीत. "नसतं ठेवलं," त्या म्हणाल्या.

मला रडूच आलं. हे सगळं माझ्या चांभारचौकश्यांमुळे झालं होतं, आणि बुवांनी माझ्याबद्दल एक अवाक्षरही काढलं नव्हतं. मी उठले आणि सांगून टाकलं की गाठी मी छाटल्या, डबा मी उघडला, आणि लाल लड हातात असताना फार सुरेखही मीच म्हटलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

बाईंनी बाही उलटी करून बघितली. तिथे दोष काढायला काही नव्हतंच.

"उसवा," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत मला हिरवी पानं हवीत. आणि गाठी कोण मारणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न विचारायची माझी सवय, त्या दिवशी उत्तर व्हायची पाळी आली.

दिवसभर मी बुवांशेजारी बसले. ते उसवत होते, मी गाठी मारत होते. माझ्या पहिल्या गाठी त्यांनी नापास केल्या. "ही फार आवळलीत, बोटाला लागत नाही. ही एवढी जाड, की दोन वाटतात." वहिनींची गाठ म्हणे राईएवढी असते, मऊ आणि प्रत्येक लडीवर सारख्या अंतरावर. मला काजांची एवढी वर्षं सवय, तरी विसावी लड हातात आली तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

मधे मधे मी विचारायचं ते विचारून घेतलंच.

"बुवा, लाल तुम्हाला दिसतो तरी कसा?"

"हिरव्यासारखा."

"आणि हिरवा?"

"लालासारखा."

"अहो, पण म्हणजे कसा?"

"तुम्हाला कसा दिसतो ते आधी सांगा," ते म्हणाले. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सांगता येईना. बुवा हसले. मंगळवारपासून पहिल्यांदा.

गुरुवारी दुपारी कोट गेला. बाईंनी बाही स्वतः तपासली, घडी घातली आणि जाता जाता बुवांना म्हणाल्या, "पुढच्या कामाचं कापड सोमवारी येतंय." आणखी काही बोलल्या नाहीत. बुवा डबा मांडीवर घेऊन खाली बसले.

मग त्यांनी वहिनींना फोन लावला. बुवांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालू होता. माझा त्यात काही दोष नाही.

वहिनींनी पहिलं काय विचारलं असेल? "डबा ठीक आहे ना?"

बुवांनी सगळं सांगितलं. पलीकडून बारीक आवाजात, "काढलं का हो तुम्हाला?"

"नाही. आता गाठी चौकशीबाई मारते."

"तिला द्या फोन."

मी फोन घेतला. वहिनींनी माझी तोंडी परीक्षाच घेतली. हिरवा किती, लाल किती, तपकिरी किती. मी घडाघडा सांगितलं. मागे बाळ रडत होतं, अगदी किरटं.

"किती दिवस मारशील गं?"

"तुम्ही म्हणाल तितके दिवस, वहिनी."

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी रविवारी नाही आले तरी चालेल?"

"न चालायला काय झालं? मुलीला तुमची गरज असेल."

"आहेच गं. ती अजून उठूनही बसत नाही. पण दोरे आठवड्याचेच लावून आले होते." आणि मग त्या बांध फुटल्यासारखं बोलून गेल्या. "माझी आई गेली ना, तेव्हासुद्धा मी चौथ्या दिवशी परत आले होते. मोठं काम आलं होतं, नवीन लडी येऊन पडल्या होत्या. भावाला वाटलं, हिला काही माया नाही. अजून बोलत नाही तो माझ्याशी धड."

मी बुवांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं ते आम्हाला सांगत आले होते की आमच्या हिला माहेरची गर्दी आवडत नाही, ती घरातच रमते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"तू मला सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

बुवांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"मग आता विचारतो," ते म्हणाले. "तुला किती दिवस राहायचंय?"

"दोन महिने," वहिनी म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या, की हे उत्तर त्यांच्याकडे किती वर्षांपासून तयार होतं कोण जाणे.