त्यांची यानं कुणी बांधली

नातीचं पुस्तक मी सकाळीच रद्दीत घातलं, आणि दुपारी तिला त्यातलीच गोष्ट विचारत बसलो.

तिच्या क्लाससाठी लातुरात खोली केली होती. भाकरी करायला मी. डॉक्टरकीचा अभ्यास सोडून पोरगी परग्रहावरच्या लढवय्यांच्या गोष्टी वाचते, हे मला खपलं न्हाई. तिला वाटलं, आबांनी पुस्तक दडवलंय, अभ्यास झाला की देतील.

मी तिसरी शिकलेला, पण गवंडी. तिनं सांगितलेल्या गोष्टीतलं एक कोडं डोक्यातून जाईना.

"ते नुसते मारामाऱ्या करणारे. मग त्यांची यानं बांधली कुणी?"

"त्यांनी न्हाई बांधली, आबा. दुसऱ्या ग्रहाची शहाणी माणसं त्यांला शिकवायला आली व्हती. ह्यांनी त्यांलाच मारलं अन यानं घेतली."

"अन मोडल्यावर?"

"दुरुस्ती कुणाला येतीय? मग नवं यान हिसकायला नवी लढाई."

"लई येडपट हायेत."

"तुमच्यावानी हट्टी," ती हसली.

माझा भाकरीवरचा हात थांबला.

त्र्याण्णवच्या भूकंपाआधी आमच्या गावात बारीक हादरे बसत होते. तेव्हा एक तरणा इंजिनिअर आला. पावसाआधी माळवदावर, घराच्या सपाट छतावर, पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायची आमची रीत. घर गळत न्हाई, गार राहतं. जुना थर कुणी काढत नसे. तो म्हणाला, "मामा, गुडघाभर माती झालीय. निम्मी तरी उतरवा."

मी चारचौघांत विचारलं, "साहेब, थापी धरली का कधी?"

लोक हसले. तो गेला. त्याच आठवड्यात मी माझ्या घरावर आणखी दहा टोपली माती चढवली. मुद्दाम.

त्याच मातीखालून बायकोला काढलं. तोंडात पांढरी माती होती.

"आबा, भाकर करपली," नात म्हणाली. "पुस्तक द्या ना. शेवटची वीस पानं राह्यलीत. त्यांला शिकवायला कुणी परत येतंय का, तेवढंच बघायचंय."

पायताण घालून रद्दीवाल्याकडं गेलो. त्यानं कागद भज्याच्या गाड्याला दिलेला. गाड्यावर चार पानं सापडली. तेलकट, अन मधलीच.

तिच्या हातात दिली. चुकलो म्हणायला जीभ वळली न्हाई. तिनं पानं पुसली, घडी करून वहीत ठेवली अन क्लासला गेली.

त्यानंतर तिनं मला कुठलीच गोष्ट सांगितली न्हाई. मीबी विचारली न्हाई.