आईचं लॅव्हेंडर

आज लॅव्हेंडरला पाणी देण्याआधी माती कोरडी आहे का, हे बोट खुपसून पाहिलं आणि आई आठवली.

मला पदवी मिळाली तेव्हा तिच्यासाठी असंच एक रोप धानपट्ट्यातल्या आमच्या गोरेगावला नेलं होतं. तिला त्याच्या फुलाचा वास घ्यायचा होता. जन्मभर धान रोवलेल्या आईने कुंडीचं भोक चिखलाने बुजवलं आणि धानाच्या शेतातल्या बांधीसारखं पाणी साचवलं. पानं मलूल झाली.

“आई, पाणी जास्त होऊन राहिलं का?”

“पाण्यानं कधी झाड मरते? कालेजात हेच शिकवलं काय तुले?”

मलाही ते पटलं. रोप कुजलं. तिने एक काळं पान चुरडून हुंगलं.

“चिखलावानीच वास येते रे बाबू.”

दुसरं आणतो म्हणालो, पण त्याआधीच ती गेली. तिच्या लेखी लॅव्हेंडरचा वास तोच राहिला.