सिंधुमावशींचा कार्डांचा डबा

माझ्या आईला विहारात गाठून सिंधुमावशींनी माझा नंबर मिळवला. फोनवर एवढंच म्हणाल्या, "शनिवारी सहाच्या आत ये. फक्त तुझं कार्ड राहिलंय."

मी वॉटफर्डहून लंडनमधल्या हॅरोला गेले. स्टेशनसमोरचं ते कॉफीशॉप. साहित्य शिकताना तीन वर्षं मी तिथेच खिडकीत बसून निबंध लिहिले. मावशी कॉफी आणून द्यायच्या. आज त्या कंपनीची साठ दुकानं आहेत. मावशी मात्र सव्वीस वर्षं याच पहिल्या दुकानात.

कार्डावर नऊ कॉफींचे नऊ शिक्के, दहावी फुकट. लोक कार्ड घरी विसरायचे, म्हणून मावशी ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. गिऱ्हाइकाला नाव विचारणं त्यांना आगाऊपणाचं वाटे. मग कार्डावर मराठीत लिहायच्या : काळी छत्री. दोन साखर. घाईतली नर्स.

रविवारपासून सगळं ॲपवर. जुनी कार्डं रद्द.

"महिनाभर एकेकाला शोधतायत," मॅनेजर अपूर्व म्हणाला. "काळ्या छत्रीसाठी तर प्लॅटफॉर्मवर जाऊन उभ्या राहिल्या."

माझ्या कार्डावर लिहिलं होतं, 'खिडकीतली'. खाली आठ शिक्के.

"मावशी, एक मारून टाका ना असाच."

"का म्हणून? नववी विकत घे, दहावी मी देते."

"लागोपाठ दोन?"

"दोन वर्षं फिरकली नाहीस. पी आता."

मी नववी घेतली. तेवढ्यात अपूर्वने माझ्या फोनवर ॲप घातलं. पडद्यावर कंपनीची चांदणी आली. एक टोक बोथट. कपांवर, पाट्यांवर, सगळीकडे हीच. मला ती कुणा डिझायनरची करामत वाटायची.

मावशींनी शिक्का काढला. लहान मुलांचा, रबरी. चांदणीचं एक टोक तुटलेलं.

"आमच्या लेकीचा, मृणालचा. शाळेत असताना चावून ठेवलान तिने. मालकाने कार्डं छापली आणि शिक्काच विसरला. मग मी हा आणला घरून."

मी फोनवरची चांदणी शिक्क्याशेजारी धरली. "कंपनीत माहितेय कुणाला?"

"कुणी विचारलं नाही."

त्यांनी फुंकर मारून नववा शिक्का दाबला. फिकटच उमटला. दहावी कॉफी मी मुद्दाम हळू प्यायले. सहाला पाच कमी असताना मावशींनी कप उचलला, रिकामा डबा पुसला, शिक्का त्यात ठेवून झाकण लावलं.

"ॲपमध्ये नाव काय टाकू?" अपूर्वने विचारलं.

"खिडकीतली," मी म्हणाले.