शेवटचं उत्तर

"घोडेगावच्या मावशी गेल्या ना? मग त्यांचा फॉर्म?"

"शेवटचं उत्तर पुढे धरायचं. त्यात तर छानच होत्या."

काउंटरमागे दोन सिस्टर हळू आवाजात बोलत होत्या. ते शेवटचं उत्तर माझ्या हातचं होतं.

आईला स्तनाचा कॅन्सर निघाल्यापासून आम्ही जामखेडहून नगरच्या हॉस्पिटलात येतो. प्रत्येक केमोआधी 'क्वालिटी ऑफ लाइफ'चा फॉर्म भरायचा असतो. म्हणजे रोजचं जगणं कसं चाललंय, ते पेशंटनंच सांगायचं. गिळताना दुखतं का, पाय बधिर होतात का. एक म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे खूप. पहिल्या वेळच्या आकड्यांशी पुढचे ताडून बघतात, मग औषध कसं चालतंय हे बघायला सगळ्या पेशंटची सरासरी काढतात. कुणी मधेच गेलं, तर त्याचे शेवटचे आकडेच पुढेही धरतात.

प्रश्न मी वाचायचे. इंग्लिश मीडियममुळे माझं मराठी वाचन अडखळतं. भरलेल्या वेटिंग रूममध्ये लाज वाटायची, म्हणून भराभर पुटपुटायचे. एकदा शेजारी बसलेल्या घोडेगावच्या मावशींनी त्यांचाही फॉर्म माझ्यापुढे केला.

"लई विचारत्यात बाई. समदं बरं हाय, लिही."

त्यांच्या तोंडात फोड होते. पाण्याचा घोट त्या डोळे मिटून गिळायच्या. मी बघितलं आणि खालपर्यंत एक, एक लिहीत गेले.

पुढच्या वेळी त्या आल्या नाहीत. सरासरीत मात्र त्या अजून आहेत, आणि त्यांना काहीच दुखत नाही.

सिस्टरांचं ते बोलणं कानावर पडलं, त्या दिवशी आईची सहावी केमो होती. आदल्या दिवशी ती अंगणात एकाच चपलेनं फिरत होती. दुसरी पायातून निघाल्याचं तिला कळलंच नव्हतं.

"डॉक्टरांना सांगू?"

"गप बस. जास्त सांगितलं की औषध बंद करतील. मंग काय करायचं? एक लिही."

'पाय बधिर होतात का'पुढे मी एक लिहिला.

कुणाचा फॉर्म भरत असाल, तर पेशंटला बाजूला न्या. सावकाश वाचा. उत्तराची वाट बघा. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

डॉक्टरांनी फॉर्मवरून नजर फिरवली. "न्यूरोपॅथी दिसत नाही, म्हणजे नसांवर परिणाम नाही. डोस तोच ठेवू."

आईनं टेबलाखाली माझा हात दाबला. गप्प राहा म्हणून. मला मावशींचे मिटलेले डोळे दिसत होते.

"सर, पायांपुढचा हा एक खोटा आहे, चार लिहा. घोडेगावच्या मावशींचे आकडेही खोटे आहेत. दोन्ही फॉर्म मीच भरलेत."